१६ सप्टेंबर : निजामाच्या फौजेत घडलेले कर्नल तारापोर मराठवाड्याचे आहेत का?

बोरीकाठ

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात शाळेशाळेत झेंडा लागतो, हुतात्मा स्तंभांना हार पडतात, संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यानात मुख्यमंत्री येतात. त्याच्या आदल्याच दिवशी एका परमवीराची पुण्यतिथी असते. ती आपल्याकडं कुणी पाळल्याचं मी तरी पाहिलं नाही. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट. १६ सप्टेंबर १९६५, पाकिस्तानशी युद्ध, सियालकोट आघाडी, चाविंड्याजवळ.

जन्म मुंबईचा, शाळा पुण्याची, रेजिमेंटच्या नावातही पुणं. तिकडच्यांना हे नाव आपलं वाटणं साहजिक आहे. पण आपलाही त्यांच्यावर हक्क आहे असं मला मनापासून वाटतं. अडचण एवढीच, की तो हक्क सांगायचा तर एक अवघड गोष्ट आधी बोलावी लागते. हा माणूस शिपाईगिरी शिकला निजामाच्या फौजेत.

जन्म १८ ऑगस्ट १९२३. घराणं मूळचं पालघरकडच्या तारापूरचं. पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते आणि शंभर गावं इनाम मिळाली, त्यातलं मुख्य तारापूर, असं घराण्यात सांगत आले. पुढं आजोबांच्या काळात कुटुंब हैदराबादला आलं. अर्देशीर मात्र लहानपणीच पुण्याच्या बोर्डिंगात. १९४० ला मॅट्रिक झाले आणि लगेच फौजेसाठी अर्ज केला. गोवळकोंडा आणि बंगळुरूला प्रशिक्षण घेऊन १९४२ साली सातव्या हैदराबाद इन्फंट्रीत दाखल झाले. वय अठरा.

मन मात्र पायदळात नव्हतं. त्यांना चिलखती दळात, म्हणजे रणगाड्यांच्या फौजेत, जायचं होतं. ते जमलं ते एका अपघातानं. हातबॉम्ब फेकायचा सराव चालला होता आणि हैदराबाद फौजेचे सरसेनापती मेजर जनरल एल इद्रूस पाहणीला आले होते. एका नव्या रंगरुटाच्या हातून बॉम्ब सटकला आणि खंदकातच पडला. तारापोरांनी उडी घेऊन तो उचलला आणि बाहेर भिरकावला. तो हवेतच फुटला, तुकडे छातीत घुसले. बरे झाल्यावर इद्रूस यांनी बोलावून पाठ थोपटली, तेव्हा या तरुणानं बक्षीस, बढती काही मागितलं नाही. मला चिलखती दळात घ्या, एवढंच म्हणाला. अशा रीतीनं ते पहिल्या हैदराबाद लान्सर्समध्ये गेले आणि दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आशियात जाऊन आले.

मग आलं १९४८. १३ सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून भारतीय फौज आत आली आणि पहिली लढाई आमच्या नळदुर्गाला झाली. बोरी नदीवरचा पूल निजामाची फौज उडवणार, त्याआधीच तो शाबूत हाती लागला आणि रणगाडे जळकोट, उमरग्याच्या वाटेला लागले. तुळजापुरात दोन तास चकमक झाली. पुढच्या एक-दोन दिवसांत जालना आणि औरंगाबाद मोकळं झालं. १७ ला निजामानं शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला आणि १८ ला याच इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढं शरणागती दिली. चौधरी त्या वेळी पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनचे प्रमुख होते.

आता पुढं बघा. हैदराबादची फौज विसर्जित झाली, तिच्यातले निवडक अधिकारी भारतीय सैन्यात घेतले. तारापोर त्यातले एक. १९५१ पासून ते पूना हॉर्सचे. १९६५ साली ते त्या रेजिमेंटचे कमांडिंग ऑफिसर होते, रेजिमेंट पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनमध्ये होती आणि देशाचे लष्करप्रमुख होते जनरल जे. एन. चौधरी. १९४८ साली ज्या डिव्हिजननं त्यांच्या राज्याची फौज मोडली, सतरा वर्षांनी त्याच डिव्हिजनच्या अग्रभागी हे उभे होते.

११ सप्टेंबरला फिलोऱ्यावर चढाई झाली. पूना हॉर्स फिलोरा आणि चाविंडा यांच्या मधून घुसत असताना वजीरवालीकडून पाकिस्तानी रणगाडे अंगावर आले. तारापोर जागचे हलले नाहीत आणि पायदळाच्या मदतीनं फिलोऱ्यावर हल्ला चढवला. जखमी झाले, मागं जायला नकार दिला. जखम तशीच घेऊन वजीरवाली घेतली, १६ ला जसोरान आणि बुतूर-डोगरांडी घेतली. स्वतःच्या रणगाड्यावर कितीतरी गोळे बसले. तिथंच प्राणघातक जखमी झाले. वय बेचाळीस. परमवीरचक्राच्या सन्मानपत्रात लिहिलंय, की सहा दिवसांच्या या लढाईत रेजिमेंटनं शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले.

आपण गेलो तर रणभूमीवरच दहन करा, असं त्यांनी सहकाऱ्याला आधी सांगून ठेवलं होतं. प्रार्थनेचं पुस्तक, गळ्यातली साखळी, अंगठी घरी कुणाला द्यायची तेही सांगितलं होतं. पारशी माणसासाठी अग्नी पवित्र, तिथं परंपरेनं मृतदेह अग्नीला देत नाहीत. तरी त्यांनी ते मागितलं. आपल्या माणसांबरोबर तिथंच राहायचं होतं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

मी शाळेत शिकवतो. यंदा १६ तारखेला मुलांना हे आयुष्य सांगायचं ठरवलंय, आणि ते निजामाच्या फौजेतल्या वर्षांसकट. त्याबद्दल इथल्या लोकांना काय वाटतं?

वसमतकर

सर, माणूस मोठा, त्यात वाद नाही. पण मला हे पटायला जड जातंय, आणि का ते सांगतो.

आमचं घर रझाकारांनी दोनदा लुटलं. पणजोबा रात्री पांदीनं पैनगंगा ओलांडून उमरखेडच्या कॅम्पात गेले, ते १९४८ ची पोलीस ॲक्शन झाल्यावरच परत आले. आज्जी सांगायची, की बाया दिवसभर तुरीत लपून राहायच्या आणि लेकरू रडू नये म्हणून तोंडात गूळ धरायच्या. १७ सप्टेंबर हा आमच्यासाठी त्या आज्जीचा दिवस आहे. अर्जापूरच्या गोविंदराव पानसऱ्यांचा आहे, १९४६ साली पडलेल्या. स्वामी रामानंद तीर्थांचा आहे. त्याला लागून निजामाच्या फौजेतल्या अधिकाऱ्याचं कौतुक लेकरांना सांगायचं?

रझाकार वेगळे आणि फौज वेगळी हे मलाही माहीत आहे. कासीम रझवी लातूरचा वकील, त्याची संघटना, तिचा फौजेच्या हुकुमाशी संबंध नाही, सगळं ठीक. पण गावं जळत होती तेव्हा त्या फौजेनं काय केलं? वर्दी घालून बघत बसणाऱ्याचाही हिशेब असतो.

पूर्णाकाठ

वसमतकर भाऊ, तुमच्या आज्जीचं दुःख खरं आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. माझ्या घरचं तेवढं सांगतो.

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, हैदराबाद स्टेटच्या फौजेत साधे जवान होते. परभणी जिल्ह्यातलं आमचं गाव, शेती नावाला, पगार मिळतो म्हणून भरती झालेले. फौज मोडली तेव्हा वर्दी जमा करून घरी आले. नोकरी गेली, पेन्शन नाही. ते दिवस आमच्यासारख्या घरांना फार वाईट गेले. लातूर, नांदेड, उस्मानाबादकडं निरपराध मुसलमानांवर काय बेतलं, ते सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनंही लिहून ठेवलंय. माझ्या आजीला आणि दोन आत्यांना गावच्या पाटलांनी आपल्या वाड्यात ठेवून घेतलं. बाहेर जमाव आला तेव्हा पाटलीणबाई स्वतः दारात बसून राहिल्या. त्या घराशी आमचा अजून येणंजाणं, लग्नकार्य, सगळा व्यवहार आहे.

दादा पुढं जिनिंगमध्ये हमालीला लागले. फौजेचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही. काढून कुणाला सांगणार? अब्बा सांगतात, की ६५ च्या लढाईनंतर तारापोरसाहेबांना परमवीर जाहीर झाल्याचं कुणीतरी हॉटेलात पेपरातून वाचून दाखवलं. दादा घरी आले आणि आजीला म्हणाले, "अपने लान्सर्स के साब थे वो." त्या दिवसापासून ते जिनिंगच्या फाटकावर उभं राहून लोकांना आपण कोणत्या पलटणीत होतो ते सांगू लागले. सतरा वर्षं मान खाली घालून काढलेल्या माणसाला ते सांगता आलं.

म्हणून सरांना विनंती, की हैदराबाद लान्सर्सचं नाव गाळू नका.

निवृत्त दफेदार

मी चिलखती दळात नोकरी केली, पूना हॉर्समध्ये नाही. गुरुजींनी आयुष्य छान मांडलंय. लढाईचा भाग मुलांना सांगताना दोन-चार गोष्टी समजावून सांगा, नाहीतर साठ आणि नऊ हे नुसते आकडे राहतात.

सेंच्युरियन, म्हणजे पूना हॉर्सचा रणगाडा, हा पन्नास टनांच्या आसपासचा गाडा. आत चार माणसं : कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. ड्रायव्हरला समोरचं थोडंसं दिसतं. गनरला त्याच्या दुर्बिणीतलं तेवढंच. चौघांचे डोळे म्हणजे कमांडर. कपोल्याचं, म्हणजे गाड्याच्या माथ्यावरच्या कमांडरच्या घुमटीचं, झाकण लावून पेरिस्कोपमधून बघितलं तर धुरळ्यात काही कळत नाही, शत्रू बाजूनं कधी आला ते गोळा बसल्यावरच कळतं. म्हणून चांगला कमांडर डोकं बाहेर काढून उभा राहतो. तोफखान्याचा गोळा जवळ फुटला तर त्याचे तुकडे पहिल्यांदा त्यालाच लागतात. हे माहीत असूनच उभं राहायचं असतं.

त्यात सीओचं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं, काम वेगळंच. स्वतःचा गाडा लढवायचा आणि त्याच वेळी वायरलेसवर पूर्ण रेजिमेंट चालवायची. एका रेजिमेंटमध्ये पंचेचाळीसच्या आसपास गाडे, तीन स्क्वॉड्रन. कोण कुठं अडकला, कुणाचा दारूगोळा संपला, कुणाला मागं घ्यायचं, कुणाला डावीकडून घालायचं, हे सगळं एका माणसाच्या आवाजावर चालतं. तो आवाज डगमगला की खालच्या पोरांना लगेच समजतं. तारापोरसाहेब जखमी होऊन सुद्धा मागं गेले नाहीत, ही नुसती जिद्द नव्हती. लढाई चालू असताना सीओ बदलला की रेजिमेंटची लय तुटते. ती त्यांनी तुटू दिली नाही. मला त्यांच्याबद्दल सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट. आणि ते गेल्यावरही रेजिमेंट लढत राहिली, ते त्यांनी वर्षानुवर्षं जे शिकवलं होतं त्याचं फळ.

सन्मानपत्रात पिव्हट म्हणून शब्द येतो. म्हणजे गाड्यांनी एक जागा धरून ठेवायची आणि तिच्या आधारानं पायदळानं पुढं किंवा मागून जायचं. जसोरान आणि बुतूर-डोगरांडी या तशा जागा. तिथं चालू गाडे एका ठिकाणी थांबून मार खात उभे राहतात. धावत्या लढाईपेक्षा हे फार कठीण काम.

आणखी एक. चाविंडा शेवटपर्यंत आपल्या हाती आलं नाही. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. हे मुलांपासून लपवू नका. मोहीम पूर्ण झाली नाही म्हणून तिथं पडलेल्या माणसाचं मोल कमी होत नाही. फौजी माणसाला हे कळतं, गावाला समजावून सांगावं लागतं.

आणि आठव्या गढवाल रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड, तेही त्याच बुतूर-डोगरांडीच्या लढाईत पडले. पायदळ त्यांचं, रणगाडे तारापोरसाहेबांचे. झिराड म्हणजे बेने इस्रायली, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेला समाज. एक पारशी, एक ज्यू, खाली गढवाली आणि बाकी हिंदुस्थानची पोरं. त्यांचंही नाव घ्या.

औसेकरीण

धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या सासूबाईंचा धाकटा भाऊ ७१ च्या लढाईत पश्चिमेच्या सीमेवर गेला. मोठा अधिकारी नव्हता, पदक नाही, पुस्तकात नाव नाही. १६ डिसेंबरला रात्री रेडिओवर लढाई संपल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण होता. घरात आनंदाला पारावार नव्हता. लढाई संपली म्हणजे पोरगं सुटलं! सासूबाईंच्या आईनं रात्रभर जागून भज्जी केली, बाजरीचे उंडे केले, आंबिलाचं मडकं भरलं. सगळं गणगोत शेतात गेलं. कडब्याची कोप केली, चुन्यानं रंगवलेले पांडव मांडले, रानाला फेरी घालून आंबील शिंपडलं. त्याच्या वाटणीचं ताट कोपीत झाकून ठेवलं होतं, म्हणे. तो येईपर्यंत ते टिकणार नाही हे माहीत होतं, तरी ठेवलं.

तार नंतर आली. तारखेवरून कळलं, की येळवशीच्या दिवशी तो नव्हताच.

तेव्हापासून त्या घरात येळवस होते, पण गोड करत नाहीत. सासूबाई दरवर्षी कोपीत त्याच्याबद्दल बोलतात, आणि काय बोलतात माहितेय? तो कसा पडला ते नाही. ते त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. हुरडा खाताना दाणे खिशात भरून ठेवायचा. बहिणीला न्यायला बैलगाडी घेऊन औशाला यायचा, तर वाटेत तीनदा थांबून बैलांना पाणी पाजायचा. गणितात नापास झाला म्हणून मास्तरांच्या घरी जाऊन रडला होता. मला तो माणूस अगदी ओळखीचा झालाय, मी कधी पाहिलेला नसताना.

सर, म्हणून मला तुमच्या लिखाणात सर्वांत काय आवडलं सांगू? चिलखती दळात घ्या, एवढंच मागणारा एक तरुण अधिकारी. लेकरांना हे आधी सांगा. पदक शेवटी आलं तरी चालेल. आणि शेवटी त्यांनाच विचारा, तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असं कुणी गेलंय का. आमच्या तालुक्यात तरी फार गावं नसतील, जिथं एकही नाव निघणार नाही.

वसमतकर

पूर्णाकाठ भाऊ, तुमचा प्रतिसाद मी आमच्या वडिलांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपल्याही गावात फौजेतून परत आलेला एक जण होता, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्याचं नाव वडिलांना आठवतंय. त्याचं घर आता पडलंय.

माझी अट राहते, सर. १७ तारखेच्या कार्यक्रमात काही मिसळू नका. तो दिवस निजामाच्या विरोधात उभं राहिलेल्यांचा आहे आणि तसाच राहिला पाहिजे. १६ तारीख स्वतंत्र ठेवा. आणि १६ ला सांगताना १९४८ पर्यंत मराठवाड्यातल्या लोकांवर काय चाललं होतं, तेही त्याच तासात सांगा. तारापोरांना इद्रूस यांनी शाबासकी दिली, हे सांगायचं तर त्या इद्रूस यांच्या फौजेच्या राज्यात आमची आज्जी तुरीत लपली होती, हेही सांगायचं. दोन्ही सांगणार असाल तर माझी पूर्ण संमती. फळ्यावर लावायला मराठवाड्याचा जुना नकाशा हवा असेल तर मी पाठवतो.

बोरीकाठ

नकाशा हवाच आहे. आणि अट मान्य, मनापासून. १६ ला वेगळा तास होईल, १७ चं ध्वजारोहण नेहमीसारखं.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून असं ठरवलंय. आठवी ते दहावीची मुलं नळदुर्गच्या किल्ल्याकडून बोरीच्या पुलावर नेणार. १३ सप्टेंबर १९४८ ला काय झालं ते तिथंच सांगणार, त्यात वसमतकरांची आज्जी येईल आणि परवानगी असेल तर पूर्णाकाठ यांच्या गावच्या पाटलीणबाईही, नावं न घेता. मग वर्गात येऊन तारापोर. हातबॉम्बापासून सुरुवात, हैदराबाद लान्सर्स, पूना हॉर्स, फिलोरा, वजीरवाली, बुतूर-डोगरांडी. कर्नल झिराड यांचं नाव त्यांच्या शेजारी. १९६५ च्या युद्धाचे दोन परमवीर, त्यातले दुसरे अब्दुल हमीद, तेही सांगायचे आहेत. पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पडले, तारापोरांच्याच रेजिमेंटचे, वय एकवीस. मोठ्या मुलांना ते जवळचं वाटेल.

औसेकरीण ताई, तुमचा प्रश्न मुलांना घरचा अभ्यास म्हणून देतोय. घरात किंवा गावात सैन्यातून न परतलेलं कुणी असेल तर त्याच्याबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून आणायचं, आणि लढाईबद्दल नाही, तर तो घरात कसा होता याबद्दल.

दफेदारसाहेब, कपोल्याचं आणि वायरलेसचं तुम्ही जे लिहिलंय ते माझ्या तोंडून नीट यायचं नाही. तुम्ही येऊ शकाल का?

निवृत्त दफेदार

येतो. लातूरहून सकाळच्या एसटीनं निघालो की शाळा भरायच्या वेळेला पोचेन. माईक लावू नका, मुलांना जमिनीवर गोल करून बसवा आणि खडू भरपूर ठेवा, सेंच्युरियन काढून दाखवायला फळा पुरणार नाही, फरशीवर काढावा लागेल. आणि पूर्णाकाठ, तुमचे अब्बा प्रवास करू शकत असतील तर त्यांनाही घेऊन या. दादा कोणत्या स्क्वॉड्रनला होते ते त्यांना ठाऊक असेल, तर मला ते ऐकायचंय.